बावीस उदाहरणं, एकही नाव नाही : हेन्री बीचर आणि सायटेशनचा हिशेब

तळटीप (धागालेखिका)

दुसऱ्या एका धाग्यावर 'अमुक बायोएथिक्सवाल्याचा (म्हणजे वैद्यकीय नीतीवर लिहिणाऱ्याचा) एच-इंडेक्स किती', म्हणजे इतरांनी दिलेल्या संदर्भांवरून काढलेला संशोधकाचा गुणांक किती, यावरून बरीच खडाजंगी झाली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी वैद्यकीय ग्रंथालयात नोकरी केली आहे. डॉक्टर मंडळींना सायटेशन (त्यांच्या पेपरांचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला ते) मोजून देणं हे रोजचंच काम होतं, त्यामुळे आकड्यांशी माझं वैर नाही. पण या विषयात आकडे काय दाखवतात आणि काय झाकतात हे बघायचं तर एकच माणूस नीट बघावा. मी हेन्री बीचर घेते.

हा हार्वर्डचा भूलशास्त्राचा प्राध्यापक. जन्म १९०४, कॅन्सस. मूळ नाव हॅरी उनांगस्ट. तरुणपणीच आडनाव बदलून बीचर घेतलं, कारण अमेरिकेत त्या आडनावाला वजन होतं. (माणूस किती पुढचं बघणारा होता ते इथेच कळतं.) भूलशास्त्राचं रीतसर शिक्षण नसताना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलचा भूल विभाग त्याच्याकडे आला आणि १९४१ साली हार्वर्डचं अध्यासनही मिळालं.

१६ जून १९६६ रोजी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याचा 'एथिक्स अँड क्लिनिकल रिसर्च' हा लेख आला. सात पानांचा, एकट्याच्या नावावर. आधी 'जामा'ने (अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मासिकाने) तो नाकारला होता. सुरुवातीला पन्नासेक उदाहरणं होती, छापताना २२ उरली. सगळी उदाहरणं नावाजलेल्या संस्थांतली, प्रतिष्ठित मासिकांत छापून आलेली. विषय एकच : रुग्णाला न सांगता, त्याचं नुकसान होईल हे माहीत असताना केलेले प्रयोग. मूळच्या ५० पैकी फक्त दोन पेपरांत संमतीचा उल्लेख होता, हेही त्याने लिहून ठेवलंय.

तिसरं उदाहरण टायफॉइडचं. क्लोरॅम्फेनिकॉल लागू पडतं हे तेव्हा सिद्ध झालेलं होतं. ४०८ धर्मादाय रुग्ण. २५१ जणांना औषध दिलं, त्यातले ७.९७ टक्के दगावले. १५७ जणांना दिलं नाही, त्यातले २२.९ टक्के दगावले. बीचरने वजाबाकी करून लिहिलं की २३ माणसं एरवी गेली नसती.

आता गंमत बघा. हे टायफॉइडचं काम कोणाचं, कुठे झालं, कोणत्या मासिकात आलं? लेखात नाही. २२ पैकी एकाही उदाहरणाचा संदर्भ नाही. कोणा एकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाही, ही त्याची भूमिका होती. पुढे इतिहासकार डेव्हिड रॉथमन यांनी ते सगळे पेपर हुडकून काढले आणि १९९१ साली यादी छापली. म्हणजे पंचवीस वर्षं सायटेशन इंडेक्सच्या लेखी बीचरचा लेख आणि ते २२ पेपर यांचं काही नातंच नव्हतं. संशोधनाच्या नीतीवर लिहिणारा प्रत्येक जण ज्याचा संदर्भ देतो, त्या लेखाने स्वतः मात्र मुद्द्याचे संदर्भ देणं टाळलं.

यावर तुम्हाला काय वाटतं?

---

चहाटळ

पॉपकॉर्न घेऊन बसतोय.

संदर्भसूची अपुरी म्हणून आमच्या गाइडने प्रबंध परत पाठवला होता. तेव्हा हा बीचर माहीत असता तर तोंडावर फेकला असता. (ह. घ्या.)

---

भूलभुलैया

तळटीपताई, धागा आवडला. आम्हा भूलवाल्यांना बीचर वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे, ते इथे टाकतो.

१९५४ साली बीचर आणि डोनाल्ड टॉड यांनी भुलीमुळे होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास छापला. दहा हॉस्पिटलं, १९४८ ते १९५२ अशी पाच वर्षं आणि ५,९९,५४८ भुली. कॉम्प्युटर नसताना! निष्कर्ष असा निघाला की स्नायू शिथिल करणारं क्युरारे वापरलं तिथे भुलीमुळे मृत्यू ३७० मागे एक, आणि वापरलं नाही तिथे २१०० मागे एक. म्हणजे जवळजवळ सहापट. भूलतज्ज्ञ खवळले. क्युरारे तेव्हा नवं होतं आणि त्यावर सगळ्यांचा जीव जडला होता.

आज आम्ही व्हेक्युरोनियम हे त्याच कामाचं औषध देतो, पण रुग्णाला नळीवर ठेवून, व्हेंटिलेटरने श्वास देत. शेवटी निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेट देऊन त्याचा परिणाम उलटवतो. मनगटाच्या नसेला चार झटके देऊन अंगठा चारही वेळा पुरेसा हलतो का बघतो, मग नळी काढतो. त्या काळी यातलं बरंच काही होत नव्हतं. रुग्ण अर्धवट शिथिल अवस्थेतच वॉर्डात जायचा आणि तिथे श्वास अडायचा. म्हणजे दोष औषधाचा होता की वापरण्याच्या पद्धतीचा, यावर पुढे भरपूर वाद झाला. पण तो वाद झाला म्हणूनच भूल दिल्यानंतरची देखरेख सुधारली.

मुद्दा असा की १९६६चा लेख लिहिला तेव्हा बीचर हा नुसता 'नीतीवर बोलणारा' नव्हता. त्याच्या मागे सहा लाख भुलींचा डेटा आणि हार्वर्डची खुर्ची होती. तोच लेख आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावच्या भूलवाल्याने पाठवला असता तर पोचपावतीही आली नसती.

---

ठिपके_जोडा

वरच्याला +१. आता दुसरी बाजू. मी स्टॅटिस्टिक्सवाला, औषध कंपन्यांच्या ट्रायलचा डेटा बघतो.

माझ्या क्षेत्रात बीचर म्हटलं की १९५५चा 'द पॉवरफुल प्लासिबो' आठवतो (प्लासिबो म्हणजे औषध नसलेली, नुसती दिखाऊ गोळी). १५ अभ्यास, १०८२ रुग्ण, आणि सरासरी ३५.२ टक्के लोकांना नुसत्या साखरेच्या गोळीनेही बरं वाटलं. 'प्लासिबोने एक तृतीयांश रुग्ण बरे होतात' हे जे कोणीही सांगतं, त्याचं मूळ हे. वर्तमानपत्रांपासून पाठ्यपुस्तकांपर्यंत सगळीकडे गेलेला आकडा आहे.

आणि तो आकडा टिकत नाही. कीनले आणि कीने यांनी १९९७ साली ते पंधराही अभ्यास एकेक करून तपासले. रोग आपोआप उतरणं, सोबत चालू असलेले इतर उपचार, आधी फार वाईट असलेलं मोजमाप नंतर सरासरीकडे येणं, हे सगळं बीचरने प्लासिबोच्या खात्यात जमा केलं होतं. सर्दीचंच बघा. गोळी घेतली आणि सहा दिवसांनी बरं वाटलं. अहो, ती सहा दिवसांत जाणारच होती! त्यातले काही अभ्यास बीचरच्याच गटाचे होते हेही विसरू नका. पुढे २००१ साली ऱ्होब्यार्टसन आणि ग्योट्शे यांनी शंभराहून जास्त ट्रायल एकत्र केल्या, त्यांत प्लासिबो घेणारे आणि काहीच न घेणारे यांच्यात दुखणं वगैरे रुग्णाने स्वतः सांगायच्या गोष्टी सोडल्या तर फारसा फरक दिसला नाही.

तरी लोक १९५५चा पेपर सायट करतातच. बहुतेक जण तो न वाचताच करत असावेत, कारण मागच्या पेपरात होता म्हणून पुढच्यात.

जाता जाता कोलॅबरेशनबद्दल. प्लासिबो आणि वेदनेवरच्या कामात बीचरबरोबर फ्रेडरिक मॉस्टेलर होता. नाव नवीन असेल तर सांगतो, विसाव्या शतकातल्या मोठ्या सांख्यिकांपैकी एक. आणि लुई लसॅग्ना, जो पुढे क्लिनिकल फार्माकॉलॉजीचा बडा माणूस झाला. माणसं निवडण्यात बीचरची नजर पक्की होती. पण १९५५चा पेपर पुन्हा एकट्याच्या नावावर आहे. मॉस्टेलर शेजारी बसला असता तर ३५.२ असाच गेला असता का, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

---

उलटतपासणी

एकूण काय, तर तुमच्या हिरोचा सगळ्यात गाजलेला आकडाच चुकीचा. आणि हिरो तरी कसला? अमेरिकी लष्कराच्या पैशाने निरोगी माणसांना एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य देऊन बघण्याचं काम याच बीचरच्या गटाने केलं होतं, पेपर १९५६चा. तोच मनुष्य दहा वर्षांनी संमतीवर प्रवचन देतो. सौ चूहे खाके बिल्ली हज को चली.

माझं म्हणणं साधं आहे. माणूस कसा होता, त्याने काय घडवलं यात शिरलं की भक्ती आणि शिव्या दोन्ही सुरू होतात. एच-इंडेक्स निदान तटस्थ तरी आहे.

---

तळटीप

उलटतपासणी, एलएसडीचा मुद्दा बरोबर आहे आणि तो झाकायचं कारण नाही. १९६५ साली मिशिगनमध्ये एका परिषदेत, म्हणजे हा लेख यायच्या वर्षभर आधी, बीचरने 'माझ्या प्रयोगशाळेत पूर्वी झालेल्या कामावरही टीका होऊ शकते' अशा अर्थाचं म्हटलं होतं. पुरेसं होतं का? मला नाही वाटत. एका वाक्यात उरकलं त्याने.

पण 'एच-इंडेक्स तटस्थ' यावर मात्र थांबा. हा आकडा होर्गे हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढला. तुमचे २० पेपर प्रत्येकी किमान २० वेळा सायट झाले असतील तर तुमचा एच २०. छान, सोपं. पण आता बीचरला लावून बघा.

एक तर तुम्ही कुठे मोजता यावर उत्तर बदलतं. वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर या सायटेशन मोजणाऱ्या याद्या एकाच माणसाचे तीन वेगळे आकडे देतात. ग्रंथालयात हेच सांगता सांगता माझं तोंड दुखायचं. प्राध्यापक यायचे, तिन्ही बघायचे आणि अर्जात अर्थातच सगळ्यात मोठा भरायचे. नीतीवरचं बरंच लिखाण पुस्तकांतून येतं, आणि पुस्तकांना मिळालेले संदर्भ गूगल स्कॉलर जेवढे पकडतं तेवढे बाकीचे दोघे पकडत नाहीत.

दुसरं, आणि हे मला फार आवडतं. १९६८ साली मेंदूमृत्यूची व्याख्या करणारा हार्वर्ड समितीचा अहवाल 'जामा'मध्ये आला. समितीचा अध्यक्ष बीचर, सदस्य तेरा. जगभरातल्या मेंदूमृत्यूच्या कायद्यांची चर्चा या अहवालापासून सुरू होते. पण लेखकाच्या जागी 'हार्वर्ड मेडिकल स्कूलची तात्पुरती समिती' असं आहे. नावाने शोधलंत तर बीचरच्या खात्यावर तो येईलच असं नाही! आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आणि एच-इंडेक्समध्ये भर कदाचित शून्य.

आणि त्या अहवालाची संदर्भसूची माहितीये? एकच संदर्भ. पोप बारावे पायस यांनी १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे केलेलं भाषण. माणूस मेला हे कधी म्हणायचं ते ठरवणाऱ्या शास्त्रीय अहवालात एक पोप, बाकी कोणी नाही.

---

चहाटळ

पोपचा एच-इंडेक्स किती?

---

भूलभुलैया

😄

पोपचा संदर्भ अगदीच अस्थानी नाही हो. भूलतज्ज्ञांनीच पोपना विचारलं होतं की आशा संपलेल्या रुग्णाचा व्हेंटिलेटर चालू ठेवायलाच हवा का. पोप म्हणाले, असाधारण उपाय करत राहण्याची सक्ती नाही, आणि मृत्यूचा क्षण ठरवणं हे चर्चचं काम नाही, डॉक्टरांचं आहे. समितीला हवं होतं ते मिळालं.

आपल्याकडे याचा धागा थेट येतो. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा, आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो सुरुवातीला लागू झाला त्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते (तिसरं हिमाचल). आपण हार्वर्डची व्याख्या जशीच्या तशी घेतली नाही. हार्वर्ड पूर्ण मेंदूबद्दल बोलतं आणि ईईजीची (मेंदूच्या विद्युतलहरींच्या आलेखाची) सपाट रेघ हा आधार मानतं. आपला कायदा ब्रिटिश वळणाचा, मेंदूचा देठ मेला की मृत्यू.

प्रत्यक्षात चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी. त्यात ॲप्निया टेस्ट असते, म्हणजे रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का ते बघणं. आधी भरपूर ऑक्सिजन द्यायचा, मग व्हेंटिलेटर सोडवायचा आणि छातीकडे टक लावून बसायचं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६०च्या वर चढला तरी छाती हलली नाही तर टेस्ट पॉझिटिव्ह. आठ-दहा मिनिटं लागतात. त्या वेळात नातेवाइकांना बाहेर थांबवायचं की आत घ्यायचं यावर आमच्यात अजून एकमत नाही. मी आत घेतो. बघितलं की त्यांचाही विश्वास बसतो.

यातल्या कुठल्याही फॉर्मवर बीचरचं नाव नसतं आणि असायचं कारणही नाही.

---

रानपाखरू

वाचतेय. वाखू साठवली.

---

काळा_कोट

तळटीपताईंनी बीचरने नावं टाळली ते सांगितलं, पण ज्याने नावं घेतली त्याचं काय झालं तेही सांगायला हवं. मॉरिस पॅपवर्थ, इंग्लंडमधला डॉक्टर.

हा बीचरच्याही आधीचा. १९६२ सालीच त्याने इंग्लंडच्या रुग्णालयांत रुग्णांवर होणाऱ्या प्रयोगांवर लेख लिहिला होता. १९६७ साली 'ह्युमन गिनी पिग्ज' हे पुस्तक काढलं. दोनशेच्या वर प्रयोग आणि प्रत्येकाला संदर्भ. डॉक्टरांची नावं, रुग्णालयांची नावं, मासिक, साल. वकिली भाषेत सांगायचं तर पुराव्यासकट फिर्याद.

त्याला ही माहिती मिळाली कशी हे वाचण्यासारखं आहे. हुशार असूनही लंडनमध्ये त्याला कन्सल्टंटची जागा मिळाली नाही. तो ज्यू होता आणि १९३९ साली एका मुलाखतीनंतर 'ज्यू मनुष्य कधी जंटलमन होऊ शकत नाही' हे त्याला ऐकवलं गेलं होतं. मग तो एमआरसीपी (रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचं सभासदत्व) या परीक्षेच्या खासगी शिकवण्या घ्यायला लागला, आणि त्या तुफान चालल्या. शिकायला येणारे तरुण डॉक्टर आपापल्या वॉर्डात काय चाललंय ते सांगायचे, आणि मास्तर जाऊन मासिकं उघडायचा.

परिणाम काय? १९३६ साली एमआरसीपी झालेल्या माणसाला रॉयल कॉलेजची फेलोशिप १९९३ साली मिळाली. सत्तावन्न वर्षांनी! पुढच्या वर्षी तो वारला. संदर्भ देणाऱ्याला वाळीत टाकलं, संदर्भ न देणारा विषयाचा जनक झाला. आता सांगा सायटेशन कशाचं माप आहे.

---

उलटतपासणी

पॅपवर्थबद्दल माहीत नव्हतं. भारी माहिती. पण मग बीचरने नावं टाळली हा भित्रेपणा की शहाणपण?

---

काळा_कोट

वकील म्हणून सांगतो, शहाणपण. अब्रूनुकसानीचा दावा आला असता तर मासिकाने छापलंच नसतं. माणूस म्हणून विचाराल तर उत्तर वेगळं आहे. उदाहरण क्रमांक १७ बघा. ब्रुकलिनच्या एका रुग्णालयात २२ रुग्णांना जिवंत कॅन्सर पेशी टोचल्या, आणि सांगितलं फक्त 'काही पेशी' म्हणून. या प्रयोगाची चौकशी झाली, बातम्या आल्या, न्यूयॉर्कमध्ये संबंधित डॉक्टरांवर कारवाईही झाली. त्यातला मुख्य संशोधक चेस्टर साउदम. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो अमेरिकन असोसिएशन फॉर कॅन्सर रिसर्चचा अध्यक्ष झाला. व्यवसायाने त्याला वाळीत टाकलं नाही.

---

बालाघाट

उशिरा आले, पण राहवलं नाही. मी धाराशिव जिल्ह्यात महिलांच्या आरोग्यावर काम करते. टायफॉइडवाल्या उदाहरणावर वाचताना मला आमच्या भागातली ट्रायल आठवली, आणि इथे कोणी ती काढली नाही याचं आश्चर्य वाटलं.

१९९९च्या सुमारास उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीची मोठी ट्रायल सुरू झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था. पैसा गेट्स फाउंडेशनचा. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. तीन गटांत वेगवेगळ्या तपासण्या, आणि चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांना तपासणी नाही, फक्त माहिती आणि नेहमीची वैद्यकीय सोय. २००९ साली पेपर 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्येच आला. एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात ६४.

पेपर जगभर गाजला. गरीब देशांत एचपीव्ही तपासणी पुढे आली त्यात त्याचा मोठा वाटा आहे, ते नाकारत नाही. पण एरिक सुबा नावाच्या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने २०१४ साली मुंबईहून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये लिहिलं की भारतातल्या अशा ट्रायल मिळून १,३८,६२४ बायका तपासणीविना ठेवल्या गेल्या आणि त्यातल्या किमान २५४ या कॅन्सरने गेल्या. पॅप तपासणीने (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन बघण्याने) मृत्यू कमी होतात हे अमेरिकेला कधीचंच माहीत होतं.

आता हे दोन पेपर सायटेशनच्या तराजूत घाला. कुठला जड होईल हे सांगायला लायब्ररीत जायला नको.

---

ठिपके_जोडा

बालाघाटताई, काळजाला लागणारं आहे, पण इथे थोडं सबुरीने. टायफॉइडचं उदाहरण आणि हे एक नाही. तिथे औषध कपाटात होतं आणि दिलं नाही. इथे त्या भागात सरकारी तपासणी कार्यक्रमच नव्हता. ट्रायल झाली नसती तर चारही गटांतल्या बायकांना काहीच मिळालं नसतं. शिवाय पॅप अमेरिकेत चालते म्हणून भूम-परंड्यात चालेल असं नाही. त्यासाठी स्लाइड वाचणारे लागतात, रिपोर्ट परत गावात पोचवणारी यंत्रणा लागते. आमच्याकडे काय चालतं हाच तर प्रश्न होता. कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेला गट) नसता तर तो ६४ आणि ३४मधला फरक दिसला नसता, आणि मग सरकार म्हणालं असतं, पुरावा कुठे आहे?

---

बालाघाट

ठिपके, हे उत्तर मला पाठ आहे. 'त्यांना तसंही काही मिळत नव्हतं.' पण ते मिळत नव्हतं हे ज्यांना माहीत होतं, ज्यांच्याकडे तपासणारी माणसं, गाड्या आणि बार्शीला उपचाराची सोय होती, ते तीन गटांच्या गावात गेले आणि चौथ्या गटाच्या गावात पत्रक वाटून परत आले. तपासणी अ चांगली की ब, हा प्रश्न चौथ्या गटाशिवायही विचारता आला असता. सुबाचा मुद्दा तोच आहे.

तुमची यंत्रणेबद्दलची गोष्ट मात्र खरी. ट्रायल संपली तरी आमच्याकडे नियमित तपासणी अजून रडतखडतच आहे. शिबिर लागलं तर होते. आशाताई घरोघर सांगतात, पण बाई रोजंदारी बुडवून येत नाही, आणि आली तर पडद्याची सोय नसते. त्याच्यावर कोण पेपर लिहिणार?

---

ठिपके_जोडा

अ विरुद्ध ब करता आलं असतं, हे मान्य. नमुना बराच मोठा लागला असता आणि काळही, पण अशक्य नव्हतं. तरी 'काहीच नाही'शी तुलना केल्याशिवाय सरकारं हलत नाहीत, हा माझा अनुभव कायम आहे. इथे आपलं एकमत होणार नाही.

---

तळटीप

या वादाचीच मी वाट बघत होते, दोघांचेही आभार. हाच वाद १९९७ साली एचआयव्हीवरून पेटला होता. आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याच्या ट्रायलमध्ये गरीब देशांत प्लासिबो दिला जात होता, त्यावर लुरी आणि वुल्फ यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये लिहिलं. तेव्हाही समर्थकांचं उत्तर ठिपके यांच्यासारखंच होतं.

वजनाच्या मुद्द्यावर एक भर घालते. आजच्या बायोएथिक्समधला संशोधनाबद्दलचा मोठा संदर्भ म्हणजे एझिकेल इमॅन्युएल, डेव्हिड वेंडलर आणि क्रिस्टिन ग्रेडी यांचा २००० सालचा 'जामा'मधला पेपर. संशोधन नैतिक ठरायला सात अटी. एथिक्स कमिटीच्या प्रशिक्षणात सर्रास असतो. २००४ साली त्याच गटाने जॅक किलन यांना घेऊन विकसनशील देशांसाठी आठवी अट जोडली आणि तिला पहिलं स्थान दिलं : स्थानिकांशी भागीदारी. अट अगदी योग्य. फक्त भागीदारीची अट लिहिणारे चारही लेखक तेव्हा अमेरिकेच्या एकाच सरकारी संशोधन संस्थेतले होते.

आणि सुबाचा पेपर ज्या मासिकात आला ते मुंबईचं मासिक १९९३ साली फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटीच्या डॉक्टर-कार्यकर्त्यांनी सुरू केलं. लेखकाकडून पैसे घेत नाही, वाचकाकडूनही नाही. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीवर आहे. 'छापायला किती पैसे लागतात' हा आज भारतात पेपर लिहिणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, त्या काळात हे चालवणं सोपं नाही.

---

भूलभुलैया

ताई, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. बढतीच्या वेळी लेखकांच्या यादीत तुमचा नंबर कितवा आणि मासिक कुठल्या यादीत, एवढंच बघतात. एका कॉलेजात (नाव नको) माझा एक मित्र वर्षानुवर्षं एथिक्स कमिटीचा सचिव होता. संमतीपत्रं मराठीत नीट लिहून घ्यायची म्हणून मुख्य संशोधकांच्या मागे लागायचा. 'आपणास प्रायोगिक औषधाचे यादृच्छिक वितरण होईल' असली वाक्यं परत पाठवायचा आणि म्हणायचा, हे तुमच्या आईला वाचून दाखवा, कळलं तर पाठवा. या कामाचे गुण शून्य. बढती मिळाली ती केस रिपोर्टांवर.

---

उलटतपासणी

बरं, शेवटचा प्रश्न. बीचरच्या लेखाने नियम बदलले असं सगळीकडे वाचतो. ते तरी खरं ना?

---

तळटीप

अर्धं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अनुदानित संशोधनाला आधी समितीचा आढावा सक्तीचा केला तो फेब्रुवारी १९६६ मध्ये. बीचरचा लेख जूनचा. आणि बीचरचा स्वतःचा भर समित्यांवर नव्हताच. त्याच्या मते रुग्णाचं खरं संरक्षण म्हणजे सदसद्विवेक शाबूत असलेला संशोधक. कायदा आला १९७४ साली, तो टस्कीगी उघडकीस आल्यावर. अलाबामातल्या शेकडो काळ्या पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता नुसता 'बघत' राहिले, तो प्रयोग. १९३२ पासून चालू, १९३६ पासून त्यावर पेपर उघडपणे छापून येत होते. बीचरच्या २२ मध्ये टस्कीगी नाही.

ते पेपर वाचून ज्याला खटकलं तो आयर्विन शॅट्झ, डेट्रॉइटचा एक तरुण हृदयरोगतज्ज्ञ. १९६४च्या शेवटी आलेला पेपर वाचून त्याने १९६५ साली लेखकाला पत्र लिहिलं, तीनच वाक्यांचं. इलाज उपलब्ध असताना रोग्यांना तसंच ठेवलंत यावर विश्वास बसत नाही, अशा आशयाचं. सरकारी कार्यालयातल्या डॉक्टरबाईंनी ते फाइलला लावलं आणि उत्तर द्यायचा विचार नाही अशी चिठ्ठी जोडली. १९७२ साली प्रकरण फुटल्यावर पत्रकाराला ते सापडलं.

---

रानपाखरू

त्या शॅट्झचं पुढे काय झालं?

---

तळटीप

हवाई विद्यापीठात मेडिसिनचा विभागप्रमुख झाला. २००९ साली मेयो क्लिनिकने या पत्राची दखल घेऊन त्याचा सन्मान केला. २०१५ मध्ये गेला.